होडीला पाजलेलं पाणी

आमच्या पिंपळघाटात प्रत्येकाला कशाचा ना कशाचा ताठा होता. कुणाला बैलजोडीचा, कुणाला पोराच्या नोकरीचा, आणि ज्याला काहीच नाही त्याला निदान स्वतःच्या मिशांचा. धुळाप्पामामांना होडीचा होता. बाकीच्यांचा ताठा मी हसण्यावारी नेला, पण मामांच्या होडीची आठवण निघाली की राग नेमका कुणावर काढावा ते आजही कळत नाही.

गाव माढा तालुक्यातलं, भीमेच्या काठाला. बाजार, दवाखाना, श्रीपूरचा साखर कारखाना, जे काही कामाचं ते सगळं नदीच्या पल्याड. अल्याड आम्ही आणि बाभळी. पूल पार लांब, म्हणून पावसाळा लागला की मामांच्या होडीवाचून गावाचं पान हलायचं नाही. मामा जातीने कोळी. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या हेच काम चालत आलेलं. दोन्ही काठांची गावं सुगीला त्यांच्या पदरात ज्वारी घालायची आणि त्या बदल्यात मामांनी कुणालाही नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. लग्नाचं वऱ्हाड असो, शेळ्या असोत, तापाने फणफणलेलं पोर असो, आल्या माणसाला उतरवायचं.

नदीतल्या होडीला शीड कशाला, असं कुणीही विचारेल. मीही विचारलं होतं. गावासमोरची पलीकडची दरड अगदी उभी, तिथे होडी लागत नाही. लावायची जागा बरीच वरच्या अंगाला. आणि आमच्या गावाशी भीमा असा काही वळसा घेते की थोडा पल्ला ती उलटी, मावळतीकडे वाहते. म्हणजे पलीकडे जायचं तर ओढीच्या विरुद्ध, उगवतीकडे जावं लागे. पुराच्या दिवसांत ते नुसत्या वल्ह्याच्या जोरावर व्हायचं नाही. पण त्याच दिवसांत मावळतीचा वारा सुटलेला असतो. मामांच्या आज्याने ते हेरलं आणि होडीला डोलकाठी उभी केली. भीमेवर अशी होडी दुसरी नाही असं मामा सांगायचे, आणि गावात कुणी दुसरी बघितलेली नसल्यामुळे ते खरं धरून चाललो.

मी पिंपळघाटात आले ती त्याच होडीतून, नवरी होऊन. माझं माहेर श्रीपूरच्या बाजूचं. शालूचा पदर डोक्यावर ठरेना, आणि पाण्याची भीती. होडीत पाय टाकणार तोच मामांनी हात आडवा केला. चपला काढून हातात घ्यायला लावल्या. माझ्या सासऱ्यांनाही लावल्या, आणि गावात ज्यांच्यापुढे कुणी चकार शब्द काढत नसे त्या आबासाहेबांनाही तोच कायदा होता. मग गोजरमामी पुढे आली. ही मामांची बायको. तिने माझ्या ओटीतला एक खण मागून घेतला. नवी नवरी पहिल्यांदा नदी उतरून आली की तिने होडीला खण द्यायचा आणि मामीने तो शिडाला टाचायचा, हीसुद्धा रीतच. शिडाचं मूळ कापड मांजरपाटाचं, त्यांचा मुलगा कोंडीबा सोलापूरला गिरणीत होता त्याने आणून दिलेलं. पण खणांच्या दाटीत ते आता शोधावं लागे. हिरवे, अंजिरी, जांभळे, विटून मातीच्या रंगाला आलेले. डोलकाठीजवळचा एक मामीचा स्वतःचा होता. वारा भरला की गावातल्या सगळ्या सुना एकदम आभाळात जायच्या, असं मामी म्हणायची.

होडीला मामा दरसाल करडीचं तेल द्यायचे, सांध्यांत कापूस आणि डांबर भरायचे. शेळ्या चढवायच्या तर खाली आधी पोतं अंथरायचे. संध्याकाळी होडी बांधून घरी निघाले की चार पावलांवर वळून एकदा तिच्याकडे बघायचे. मामी तिला सवत म्हणायची. माझ्या डोक्याला तेल मिळत नाही आणि ही बघा कशी चकचकते आहे, असं चारचौघींत सांगायची. सांगताना हसायची, आणि तेल संपलं की स्वतःच आणायलाही जायची.

आता कुणी मला विचारलं की होडीवाल्याने आपल्या होडीचा एवढा अभिमान धरावा का, तर मी म्हणेन धरावा. खालच्या अंगाच्या एका गावची होडी मी बघितली आहे. बसणाऱ्याने एका हाताने काठ धरायचा आणि दुसऱ्या हाताने तांब्याने पाणी उपसायचं. ज्याला आपल्या होडीची चाड नाही त्याच्या होडीत मी पाय ठेवणार नाही. माझं पहिलं पोर पोटात आडवं आलं तेव्हा भर पुरात मामांनी मला श्रीपूरला नेलं. मी विव्हळत होते आणि वर शीड तट्ट फुगलेलं होतं. होडीच्या तळाला पाण्याचा थेंब नव्हता. त्या दिवशी मामांचा ताठा होता म्हणून मी आणि माझं पोर वाचलो. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकून लोक मामांना नावं ठेवतात आणि ते मला खपत नाही.

बहात्तर साली पाऊस आलाच नाही. पुढचा उन्हाळा माणसांना खायला उठला.

होडीचं लाकूड वाळू द्यायचं नसतं. वाळलं की फळ्या आकसतात, सांधे उघडतात, एखादी फळी पीळ खाते आणि मग ती होडी पुन्हा पाण्यात घालता येत नाही. म्हणून दर उन्हाळ्यात मामा होडीत दगड भरून ती गावाखालच्या डोहात बुडवून ठेवायचे. त्या वर्षी डोहच आटला. डोहाच्या तळाला ढेकळं निघाली, त्यात पोरं गोट्या खेळायला लागली. मामांनी माणसं लावून होडी ओढत काठावरच्या चिंचेखाली आणली. तिच्यावर पोती टाकली, पोत्यांवर पाला टाकला आणि रोज दुपारी पाणी शिंपडायला सुरुवात केली.

पाणी कुठलं? विहीर आटलेली, म्हणून नदीच्या वाळूत बायकांनी झरा खांदला होता. खड्ड्यात उतरायचं, वाटीने पाझर गोळा करायचा, घागर भरेपर्यंत पाठ मोडून जायची. त्या पाण्यासाठी आम्ही सख्ख्या जावा एकमेकींच्या झिंज्या धरत होतो. आणि त्यातलं पाणी हा माणूस लाकडावर ओततो, हे गावाला कसं सोसावं? लोक तोंडावर बोलायचे. होडी फोडून जळण करा म्हणायचे. एकदा मीही तोंड सोडलं. लेकराला प्यायला नाही आणि तुम्ही होडीला आंघोळ घालता, असं म्हणाले. मामा चिडले नाहीत.

"नदी काय कायमची गेली का? येईल तवा समदी हिच्याकडंच येतील की. तवा ही फुटकी आसली तर चालंल का तुला?"

खरंच, मला चाललं नसतं. आणि कुणाच्या वाटचं पाणी ते चोरत होते असंही नाही. स्वतः आंघोळ सोडली होती, प्यायचंही निम्म्यावर आणलं होतं. ओठ फाटून रक्त यायचं.

कोंडीबा सोलापुराहून न्यायला आला. चाळीतली एक खोली होती, पण दारात नळ होता. म्हणाला, पाऊसपाणी होईपर्यंत चला. मामीने तर गाठोडं बांधून दारात आणून ठेवलं. नातवाला बघायची तिला किती ओढ होती ते मला ठाऊक आहे, त्याच्यासाठी शिवलेलं कुंची-झबलं तिने मला दाखवलं होतं. मामा चिंचेकडे बघत बसले. बघणार कोण हिच्याकडे, एवढंच म्हणाले. तू जा, असंही मामीला म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले. पण मामीने गाठोडं उचलून परत आत नेलं. मी नंतर तिच्यावर खेकसले, तेव्हा ती म्हणाली, "मी गेले तर त्ये सोताच्या वाटणीचं सगळंच तिला पाजतील. मग त्येंच्याकडं कोण बघंल?"

मामी सरकारने काढलेल्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. माळावर, उघड्या उन्हात. मामा जात नसत, कारण दुपारी होडीला पाणी घालायचं असे. ही गोष्ट मात्र मी त्यांना माफ केलेली नाही. मामी झुंजूमुंजू होताना झऱ्यावर जाऊन दोन घागरी आणायची. एक घागर घराला आणि होडीला. दुसरी ताटली झाकून चुलीच्या बाजूला ठेवायची. ती तिची, कामावरून आल्यावर प्यायची आणि रात्रीच्या भाकरीची. त्या घागरीला मामांनी कधीही हात लावला नव्हता.

वैशाख संपत आला होता. त्या दिवशी वाराच असा सुटला होता की दारातली राख भाजल्यासारखी तोंडावर यायची. मामा चिंचेखाली बसले होते, आणि होडीने आवाज केला. लाकूड उलताना करतं तसा. पोती उचलून बघतात तर तळाच्या फळीला चीर जायला लागलेली. त्यांच्या वाटणीची घागर सकाळीच संपली होती. हे सगळं मामांनीच मला पुढे एकदा सांगितलं, मी न विचारता. ते घरी गेले, मामीच्या घागरीवरची ताटली काढली आणि घागर नेऊन त्या चिरेवर ओतली. पोती भिजवून वर घट्ट दाबली. मग रिकामी घागर घेऊन झऱ्याकडे निघाले. मामी दिवस कलल्यावर यायची, तोवर भरून ठेवू असा त्यांचा हिशेब होता. चुकीचाही नव्हता. रोजच्या दिवशी तो बरोबर निघाला असता.

पण त्या दुपारी झऱ्याची एक कड ढासळली आणि सगळी वाळू आत गेली. मी तिथेच होते, माझं लेकरू काठावर पदराखाली निजवलेलं. आम्ही पाच-सहा बायका हातांनी वाळू उपसत होतो. मामा आले, घागर बाजूला ठेवली आणि खड्ड्यात उतरले. मला नवल वाटलं, कारण झऱ्यावर पुरुष यायचे नाहीत. वेड्यासारखे उपसत होते. हात सोलून निघाले तरी थांबेनात. तासभर खपल्यावर खाली ओल लागली. मामांनी वाटी लावली, पण गढूळ पाणी तळाशी साचेना.

तेवढ्यात माळाच्या वाटेने केराबाई ओरडत आली. ती मामीबरोबरच खडीला असायची. मामीला कामावर भोवळ आली म्हणून मुकादमाने लवकर घरी लावून दिलं होतं. केराबाईने तिला हाताला धरून दारापर्यंत आणलं. मामी आत गेली, घागर जागेवर नव्हती. दुसरी पालथी घातलेली. मामी तिथेच भिंतीला टेकून खाली बसली होती. केराबाईच्या घरातही पाणी नव्हतं. पुरुषमाणसं कामावर, बायका कामावर नाहीतर इथे झऱ्यावर.

कड ढासळण्याआधी माझ्या तांब्यात घोट-दोन घोट जमले होते. तो घेऊन मी पळाले, मामा माझ्या पुढे पळत होते. वाळूत पाय रुतायचे. ते एकदा पडले, उठले.

मामी तशीच बसलेली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, आणि घाम मुळीच नाही. मी तांब्या तोंडाला लावला. थोडं आत गेलं, बाकीचं हनुवटीवरून लुगड्यावर सांडलं. तिने डोळे उघडून मामांकडे बघितलं. त्यांच्या हातांना वाळू, अंगाला चिखल.

"तिला घातलं का पानी?" मामीने विचारलं.

मामांनी मान हलवली. "व्हय."

"बरं झालं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात रागाचा लवलेश नव्हता. मी पुष्कळ वर्षं तो आवाज आठवून बघितला आहे, टोमणा असता तर मला कळला असता. दुधाला विरजण लावलं का, असं विचारावं तसं तिने विचारलं होतं. ती रागावली असती, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर मामा कदाचित पुढे माणसात राहिले असते.

बैलगाडी जोडून कोरड्या नदीतून तिला श्रीपूरला न्यायला निघालो. होडीची गरजच नव्हती, पात्रात गाडीची चाकोरी पडलेली होती. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बेशुद्ध झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. डॉक्टरांनी मामांना बाजूला घेऊन समजावलं. ऊन कामावरच डोक्यात गेलं होतं, घरी पाणी असतं तरी काही सांगता आलं नसतं, असं ते म्हणाले. डॉक्टर चांगला माणूस होता. त्याने ते खरं म्हणून सांगितलं की दया म्हणून, मला माहीत नाही. मामांनी ऐकून घेतलं आणि हात जोडले.

कोंडीबाने कार्य उरकलं आणि बापाला सोलापूरला चला म्हणून पायाशी बसला. मामा गेले नाहीत. आता कशासाठी राहता, असं तो चिडून म्हणाला. रीत आहे, धान्य खाल्लंय दोन्ही गावांचं, असं काहीतरी मामा पुटपुटले. होडीला मात्र त्यांनी त्यानंतर पाणी घातलं नाही. तिच्याकडे फिरकलेही नाहीत. पोती आम्ही बायकांनीच आळीपाळीने भिजवली. का भिजवली ते विचारू नका. मामीने भिजवली असती म्हणून.

त्या वर्षी नदी आली. दोन्ही थड्या भरून आली. लोकांनी होडी ढकलत पाण्यात नेली आणि मामांना घरून बोलावून आणलं. सगळ्यांना धास्ती होती, एवढा उन्हाळा खाल्लेली होडी तरते की बसते. मामा आत उतरले, वाकले आणि तळाच्या फळीवर, त्या चिरेच्या जागेवर, तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. हात वर काढला तो कोरडा होता. तेव्हा मामा होडीत मटकन खाली बसले आणि ढसाढसा रडले. गावाने ते काठावरून बघितलं. आतापर्यंत त्यांना बोलणारी माणसंही बघत होती, आणि त्यांतल्या कुणाचीच कुणाच्या डोळ्याला डोळा द्यायची छाती झाली नाही.

मग मामा पुन्हा सगळ्यांना उतरवायला लागले. शीड चढवायचे, कारण त्याशिवाय वर जाता येत नव्हतं. मामीचा खण डोलकाठीशी होता तिथेच होता. पण मामा वर बघत नसत, वारा गालावर घेऊन दोर सोडायचे. चपला काढायला कुणाला सांगायचं त्यांनी सोडून दिलं. आम्ही आपल्या आपण काढायचो. कुणी परका पाहुणा होडीची तारीफ करायला लागला की ते पलीकडच्या दरडीकडे बघत राहायचे. आणि एक नवीनच गोष्ट सुरू झाली. मामीची ती घागर ते रोज सकाळी विहिरीवर भरायचे, ताटली झाकून होडीच्या मध्यावर ठेवायचे, बाजूला एक फुलपात्र. सभोवती भीमा दुथडी वाहते आहे आणि हा बाबा होडीतून पिण्याचं पाणी नेतो आहे, म्हणून परगावचे लोक हसायचे. आमच्यातलं कुणी हसलं नाही.

पुढे दोन-तीन वर्षांनी केराबाईच्या मुलाचं लग्न झालं. नवरी पल्याडची. परतीला वऱ्हाड घेऊन आम्ही होडीत चढलो. पोर कोवळी होती, उन्हातून बैलगाडीने आलेली, तोंड सुकून गेलेलं. केराबाईने रीतीप्रमाणे तिच्या ओटीतला खण काढला. मामी गेल्यापासून नदी उतरून येणारी ही पहिलीच नवरी, तेव्हा तो आता टाचायचा कुणी, याचा विचार करत तिने खण माझ्या हातात दिला. सुईदोरा मी घरून आणलाच होता. मी उठून शिडाला हात घातला, तर मामांनी माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे, मथुरे," ते म्हणाले.

मी म्हटलं, रीत आहे मामा.

"आता हिला कुणी काय देऊ नका. हिनं लई घेतलंय."

त्यांनी तो खण माझ्या हातातून घेऊन नवरीच्या ओटीत परत घातला. मग घागरीवरची ताटली काढली, फुलपात्र भरलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. पोरीने सासूकडे बघितलं, सासूने मान हलवली. वारा सुटला होता, सैल शीड फडफडत होतं, गावच्या काठावर लोक खोळंबले होते. ती पाणी पिऊन होईपर्यंत मामांनी होडी सोडली नाही.